फॉर्मोसाचे जॉर्ज मॅके आणि एकवीस हजार दात



दाढदुखी ही काही मरणाची व्याधी नव्हे. परंतु ज्याने ती एक रात्र भोगली आहे त्याच्यापाशी जाऊन हे वाक्य बोलून पाहा! गेल्या पावसाळ्यात येथे रायपुरात माझी खालची एक दाढ, जी कित्येक वर्षे अधूनमधून कुरकुरत होती, ती अखेर तडकली आणि तीन रात्री मी खोलीत येरझारा घालून काढल्या. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात संकटकाळी विश्वासघातकी माणसावर ठेवलेल्या भरवशाला तुटक्या दाताची उपमा दिली आहे. भाषांतराच्या मेजावर ते वचन मी पूर्वी अनेकदा तपासले होते. मूळ इब्री शब्द, त्याचे पाठभेद, शेजारच्या भाषांतील पर्याय हे सर्व मला ठाऊक होते. उपमेतील वेदना मात्र मला ठाऊक नव्हती.

दंतवैद्यांच्या दवाखान्यात माझी पाळी येण्यास बराच वेळ होता. गालाला हात लावून बसलेल्या दहाबारा माणसांकडे पाहत असता मला एका मिशनऱ्याचे स्मरण झाले. ईश्वरपरिज्ञानाच्या अभ्यासक्रमात त्यांचे चरित्र आम्ही वाचले होते, आणि खरे सांगायचे तर त्यातील दातांच्या आकड्याला आम्ही विद्यार्थी हसलोही होतो. ते मिशनरी म्हणजे कॅनडाचे जॉर्ज लेस्ली मॅके. त्यांनी स्वतःच्या हातांनी एकवीस हजारांहून अधिक दात व दाढा काढल्या. आज त्यांची ओळख तुम्हांला करून द्यावी असे मनात आहे.

मॅके यांचा जन्म २१ मार्च १८४४ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, झोरा नावाच्या वसाहतीत झाला. त्यांचे आईवडील स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातले. तेथील जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना हुसकावून लावले तेव्हा जी कुटुंबे समुद्रापलीकडे गेली, त्यांपैकी हे एक होय. जंगल तोडून शेत करावे, आठवडाभर राबावे आणि शब्बाथ कडकडीत पाळावा अशा घरात सहा भावंडांतील हे धाकटे अपत्य वाढले. चीनमध्ये सेवा करणारे विल्यम बर्न्स हे एकदा झोरा येथे येऊन गेले. त्यांच्या भेटीने या बालकाच्या मनात जे बीज पडले ते पुढे मेले नाही. टोरोंटो येथील नॉक्स महाविद्यालय, नंतर अमेरिकेतील प्रिन्स्टन आणि त्यानंतर एडिंबरो असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. एडिंबरोला त्यांचे गुरू होते अलेक्झांडर डफ. कलकत्त्यातील शिक्षणकार्यामुळे डफसाहेबांचे नाव आपणां भारतीय ख्रिस्ती जनांस परके नाही. गंमत अशी की, त्याच सुमारास त्याच शहरात जोसेफ लिस्टर हे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक जखमा जंतूंपासून कशा राखाव्यात हे शिकवीत होते. जखमांशी या तरुण धर्मोपदेशकाचा पुढे किती संबंध येणार होता, याची त्याला तेव्हा काय कल्पना!

१८७१ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांना आपला पहिला परदेशी मिशनरी म्हणून पाठविले. त्या वर्षाच्या अगदी अखेरीस ते फॉर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानवर, उतरले. बेटाच्या दक्षिण भागात इंग्रज प्रेस्बिटेरियन बांधव काम करीत होते; उत्तरेत कोणीच नव्हते. म्हणून ९ मार्च १८७२ रोजी मॅके उत्तरेकडील तामसुई बंदरात आले आणि तेच त्यांचे गाव झाले. याच्या चारच वर्षे आधी, १८६८ मध्ये, ऑस्कर लोर हे आपल्या छत्तीसगढात आले होते आणि रायपूरच्या उत्तरेस बिश्रामपूरची वसाहत वसवीत सतनामी लोकांमध्ये राहत होते. या दोघांची भेट कधी झाली नाही. पण एकट्या माणसाने अनोळखी मुलखात बिऱ्हाड थाटावे तो हा काळ होता, हे तुमच्या ध्यानात यावे.

तामसुईला मॅके यांना मिळालेले घर मुळात घोड्यांच्या तबेल्यासाठी बांधलेले होते. भाषा शिकविण्यास कोणी तयार होईना. तेव्हा ते टेकडीवर म्हशी राखणाऱ्या पोरांत जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी पोरे ओरडत पळाली. तिसऱ्या दिवशी ती त्यांचे घड्याळ आणि कपडे हाताळू लागली, आणि पुढे तीच त्यांची शिक्षक झाली. पाच महिन्यांच्या आत मॅके यांनी त्या भाषेत पहिले प्रवचन दिले. आम्हां भाषांतरकारांना या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. पंडिताकडून शिकलेली भाषा ग्रंथाच्या उपयोगी पडते. परंतु ज्याला कोणाच्या दुखण्याची चौकशी करावयाची आहे त्याला गुराख्याचीच भाषा लागते. त्यांनी त्या बोलीचा एक कोशही रचला, तो पुढे शांघायला छापला गेला.

पहिला शिष्य मिळाला तो आ-होआ नावाचा बुद्धिमान तरुण. तो आधी प्रश्न घेऊन आला, मग वाद घालण्यास विद्वानांना घेऊन आला आणि शेवटी स्वतःच राहिला. फेब्रुवारी १८७३ मध्ये त्याच्यासह पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. आता दातांची हकिकत सांगतो, कारण तिचा आरंभही त्याच वर्षीचा आहे.

मॅके आपल्या विद्यार्थ्यांसह तेक-छाम या गावाहून (आजचे सिंचू) निघाले असता त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी काही शिपाई मागे लावण्यात आले होते. त्यांतील एकाची दाढ भयंकर ठणकत होती. दाढेत किडा शिरून तो ती कुरतडतो आहे असे त्याने सांगितले. मॅके यांच्याजवळ चिमटा नव्हता. दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण नव्हते आणि डॉक्टरची पदवीही नव्हती. त्यांनी दाढ नीट पाहिली, कठीण लाकडाचा एक तुकडा हवा तसा तासून घेतला आणि त्याने ती दाढ उचकटून काढली. पाळत ठेवण्यास आलेला शिपाई आनंदाने रडू लागला. पुष्कळ वर्षांनी काही सैनिक या परदेशी मिशनऱ्याला शिव्या देत असता एक उंच अधिकारी पुढे झाला आणि त्याने त्यांना दटावले. आपली दाढदुखी घालविणारे गुरुजी हेच, असे त्याने त्यांना सांगितले.

त्या शिपायाच्या किड्याला हसू नका. आपण मराठीत दाताला कीड लागली म्हणतो, दात किडला म्हणतो. म्हणजे तो किडा आपल्या भाषेत अजून जिवंतच आहे. बाबिलोनपासून चीनपर्यंत ही समजूत हजारो वर्षे होती. किडा नसतो, हे आज शाळेतील मूलही जाणते. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल करतात व ते दाताचे कवच विरघळविते. परंतु रात्री दोन वाजता ठणका लागला की कोणीतरी आत बसून कुरतडते आहे, हेच वर्णन खरे वाटते.

फॉर्मोसात दात इतके का दुखत? मॅके यांनी कारणे नोंदली आहेत, ती म्हणजे मलेरियाचा ताप, सुपारी चघळण्याची सवय आणि धूम्रपान. यांपैकी तापाचा संबंध आजचे वैद्यक तसा मानणार नाही, पण उरलेल्या दोहोंविषयी तक्रारीला जागा नाही. आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? महाराष्ट्रात घरोघरी मिश्री होती आणि येथे छत्तीसगढात सकाळी बोटावर गुडाखू घेऊन हिरड्यांवर घासणारी माणसे आजही गल्लोगल्ली दिसतात. दात साफ होतात आणि दुखणे मरते, असे ती म्हणतात. दुखणे काही वेळ बधिर होते हे खरे, कारण तो तंबाखू आहे. हिरडी आणि गाल यांची त्याने जी हानी होते ती मात्र मागाहून कळते.

तेथील लोकांपुढे उपायही भयंकरच होते. मजबूत दोऱ्याने दात ओढावा, कात्रीच्या पात्याने ढकलून काढावा, नाहीतर फिरत्या वैदूच्या सांडशीखाली तोंड द्यावे. त्यातून जबडा आखडे, रक्त थांबत नसे, कोणी बेशुद्ध पडे आणि कोणी दगावेही. म्हणून दुखण्याइतकीच लोकांना दात काढण्याची धास्ती होती. मॅके यांनी गावच्या लोहाराला समजावून सांगून त्याच्याकडून पहिली हत्यारे ठोकून घेतली. पुढे त्यांच्याजवळ न्यूयॉर्कची उत्तम उपकरणे आली. पण आरंभ लोहाराच्या भात्यापाशी झाला.

मग एक रीतच पडून गेली. गावात शिरल्यावर मोकळ्या जागी, पुष्कळदा देवळाच्याच दगडी पायऱ्यांवर, मॅके आणि त्यांचे विद्यार्थी उभे राहत. एकदोन गीते गात. नंतर दुखणाईत पुढे येत. खुर्ची नसे, माणूस उभाच असे आणि दात निघाला की तो त्याच्याच तळहातावर ठेवण्यात येई. हे शेवटचे कृत्य सहज घडलेले नव्हे. परदेशी माणूस आपला दात घेऊन जाऊन त्याचे काय करील, हा संशय लोकांच्या मनात होता. आपल्याकडे लहान मुलाचा पडलेला दात कौलांवर फेकतात किंवा उंदराच्या बिळात टाकतात. कोणाच्याही हाती तो देत नाहीत. शरीराचा अंश परक्याच्या ताब्यात जाऊ नये ही भावना मॅके यांनी ओळखली व मानली. सगळ्यांचे दात काढून झाले की मग सुवार्तेचे प्रवचन. कित्येक विद्यार्थी चिमटा चालविण्यात तरबेज झाले आणि ते सर्व मिळून तासाभराच्या आत शंभर दात काढीत. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मॅके यांनी स्वतःचा आकडा एकवीस हजारांवर सांगितला आहे. विद्यार्थ्यांनी व उपदेशकांनी काढलेले दात त्याच्या जवळजवळ निम्मे होते.

वाचकहो, या आकड्याला आम्ही हसलो होतो असे मी वर लिहिले. दवाखान्याच्या खुर्चीवर बसल्यावर मला हसू आले नाही. माझी तयारी किती झाली होती पाहा! डॉक्टरांनी एक्स-रे काढून मुळे कशी वाकली आहेत ते पाहिले, रक्तदाब मोजला, साखर तपासली. मी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतो हे ऐकून त्यांनी माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नये अशी ताकीद मला दिली. येण्यापूर्वी नाश्ता करावयास सांगितले होते, कारण उपाशीपोटी घेरी येते. मग हिरडीत बधिर करणारे इंजेक्शन. एक टोचणी, ओठ जाड झाल्यासारखा वाटणे, आणि पुढे केवळ दाब जाणवला, वेदना नाही. हे औषध, लिडोकेन, १९४३ साली प्रथम तयार झाले. मॅके ज्या वर्षी जन्मले त्याच १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढवून घेतली होती. म्हणजे वेदनारहित दंतोत्पाटनाची कल्पना मॅके यांच्याच वयाची. देवळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचलेली नव्हती, इतकेच. त्याला धरून ठेवणारा आधार म्हणजे भोवतालची गर्दी आणि दात काढणाऱ्या हाताचा वेग.

आणि नंतर काय? चरित्रग्रंथ येथे मौन पाळतात. पुढच्या गावाला निघून गेलेल्या मिशनऱ्यामागे ते शंभर जण आपापल्या घरी गेले. त्यांच्या तोंडात एकेक उघडी जखम होती. त्या जखमेचे मी तुम्हांला सांगू शकतो. दाढ निघाल्यावर राहिलेल्या खळग्यात रक्ताची गुठळी जमते व तीच देवाने दिलेली पट्टी होय. तिच्याखाली नवे मांस भरू लागते. म्हणून कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, त्या दिवशी चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, गरम चहा घेऊ नये, तंबाखूला तर शिवूही नये. हे सगळे मला लिहून दिलेले होते. तरीही संध्याकाळी तोंडातील रक्ताच्या चवीचा किळस येऊन मी खळखळून चूळ भरली, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या दिवशी ठणका असा उसळला की कानापर्यंत आग. गुठळी निघून गेली होती आणि हाड उघडे पडले होते. दोष सर्वस्वी माझा. डॉक्टरांनी खळगा धुऊन लवंगेच्या अर्काची पट्टी भरली, तेव्हा कोठे उतार पडला. शेजारच्या छत्तीसगढी माउलीने बासी आणून दिली. रात्री पाण्यात भिजविलेला तो थंड, मऊ भात. चार दिवस मी त्यावर आणि ताकावर राहिलो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या चालू केल्या होत्या. टाके सातव्या दिवशी निघाले.

मी शिकलेला माणूस, हातात छापील सूचना, चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाना. तरी माझी ही गत. मग त्या एकवीस हजारांपैकी कितीकांनी गुठळी घालविली असेल, कितीकांना ताप भरला असेल? आपल्या हातून काढलेल्या दातांमुळे धोका राहत नाही, असे मॅके आत्मविश्वासाने लिहून गेले आहेत. वैदूच्या सांडशीच्या तुलनेत ते खरे असणार. पण प्रत्येकाची तिसरी रात्र पाहण्यास ते तेथे नव्हते, आणि हे म्हटल्याने त्यांचा अनादर होतो असे मला वाटत नाही.

आणखी एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण आपले टीकाकार ती मांडतातच. आधी दात आणि मग प्रवचन, हे आमिष नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला. दात काढण्यास अट नव्हती. दात तळहातावर घेऊन जो घरी चालू लागला त्याला कोणी अडविले नाही. मॅके यांनीही लपवाछपवी केलेली नाही. ताप उतरला तर तो देवतेच्या कृपेने उतरला असे पुजारी म्हणू शकत, परंतु दाढ गेली आणि दुखणे थांबले यात कोणालाच वाद घालता येत नसे. म्हणून विरोध मोडण्यास याइतके दुसरे काही उपयोगी पडले नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. हिशेब त्यांच्या मनात होता. मात्र केवळ हिशेबाने माणूस वीस वर्षे लोकांच्या सडक्या दाढा पाहत उन्हात उभा राहत नाही, असे मला वाटते. तुमचे मत वेगळे असू शकेल.

दातांबाहेरचेही त्यांचे कार्य मोठे होते. १८७८ मध्ये त्यांनी फॉर्मोसाच्याच एका स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या मिशनरी समाजात हे धाडसच होते. त्यांना दोन मुली व एक मुलगा झाला. १८८० मध्ये तामसुईला रुग्णालय उभे राहिले. त्याचा निधी दिला अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका विधवा बाईंनी, ज्यांच्या दिवंगत पतीचे आडनावही योगायोगाने मॅकेच होते. बंदरातील परदेशी डॉक्टर तेथे मदत करीत. त्यांपैकी डॉ. रिंगर यांना १८७९ साली एका मृत रुग्णाच्या फुफ्फुसात एक चपटा कृमी सापडला; फुफ्फुसकृमीचा मानवातील शोध तो हाच. दाढेतला किडा खोटा ठरला आणि फुफ्फुसातला खरा निघाला, तोही त्याच गावात! १८८२ मध्ये जन्मभूमीच्या ऑक्सफर्ड परगण्यातील लोकांच्या देणगीतून ऑक्सफर्ड महाविद्यालय व १८८४ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. १८८५ मध्ये आ-होआ आणि तान हे या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

सारे सुरळीत झाले असे समजू नका. १८७७ मध्ये बांग-का शहरात जमावाने त्यांचे उपासनागृह जमीनदोस्त केले. १८८४ साली फ्रान्स व चीन यांच्या युद्धात गोऱ्या परदेशीयांवरील राग ख्रिस्ती मंडळ्यांवर निघाला व कित्येक मंदिरे पाडण्यात आली. पुढे चिनी सुभेदाराने भरपाई दिली. १८९३ मध्ये मॅके मायदेशी जाण्यास निघाले तेव्हा त्याच बांग-काच्या पुढाऱ्यांनी त्यांना पालखीत बसवून वाजतगाजत शहरातून मिरविले. १८९४ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन महासभेने त्यांना नियामक निवडले. त्या पदावरून त्यांनी, कॅनडात येणाऱ्या चिनी लोकांवर सरकारने बसविलेल्या डोईपट्टीला उघड विरोध केला. परत आले तो बेट जपानच्या ताब्यात गेले होते.

नंतरची वर्षे थोडी होती. हजारोंची तोंडे उघडून पाहणाऱ्या या माणसाला घशाचा कर्करोग झाला. आवाज क्षीण होत गेला आणि अखेर गेला. म्हशी राखणाऱ्या पोरांकडून मिळविलेली ती भाषा बोलण्यास कंठच उरला नाही. २ जून १९०१ रोजी तामसुई येथे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. उत्तर फॉर्मोसात तेव्हा साठ मंडळ्या होत्या आणि त्यांचे काम स्थानिक उपदेशकच पाहत होते. मॅके यांची कबर परदेशीयांच्या दफनभूमीला लागून, परंतु तिच्या भिंतीबाहेर, त्यांच्या तैवानी कुटुंबीयांबरोबर आहे. तैपेई येथील मोठे रुग्णालय १९१२ पासून त्यांचे नाव चालवीत आहे.

माझी दाढ डॉक्टरांनी मला दाखविली. दवाखान्यातील कचऱ्याच्या नियमाप्रमाणे ती पिवळ्या पिशवीत जावयाची होती. मी क्षणभर हात पुढे केला. त्यांनी ती धुऊन, हसत माझ्या तळहातावर ठेवली. दोन वाकडी मुळे आणि मधोमध काळा खड्डा. मी ती उलटसुलट पाहिली आणि त्यांना परत दिली.